फुल-साइज पिकअप ट्रक: कुठल्या कंपनीचं कुठे दुखतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून ट्रक घेण्याआधी आणि घेतल्यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ट्रकची तारीफ डीलरकडे फुकट ऐकायला मिळते, म्हणून इथे फक्त उणिवा. फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५०० आणि तिची जुळी बहीण जीएमसी सिएरा, रॅम १५००, टोयोटा टंड्रा आणि निसान टायटन एवढ्यांचाच विचार केला आहे. एकाच दोषाबद्दल दोनदा लिहायचं टाळलंय, म्हणून कंसातल्या प्रश्न क्रमांकांकडे लक्ष ठेवा.

१. फुल-साइज म्हणजे नेमकं केवढं? भारतातली हायलक्स किंवा व्ही-क्रॉस त्यात येते का?

नाही. त्या मिड-साइज. भारतात मिळणारी हायलक्स ५,३२५ मिलिमीटर लांब आणि १,८५५ रुंद आहे. चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५० साधारण ५,८८५ मिलिमीटर लांब आणि आरसे सोडून २,०३० रुंद भरते. पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हायलक्स कशीबशी बसते, एफ-१५० शेजाऱ्याच्या जागेत जाईल.

१५० किंवा १५०० या आकड्यांना इथे 'हाफ-टन' म्हणतात. अर्धा टन वजन हा जुन्या काळचा हिशेब आहे, आजचे ट्रक त्याहून बरंच जास्त उचलतात. नेमकं किती, ते प्रश्न १२ मध्ये. २५०/२५०० आणि त्यापुढचे हेवी-ड्यूटी ट्रक या पानावर नाहीत.

२. सरळ सांगा, सगळ्यात कमी कटकट कोणत्या कंपनीची?

कंपनीचं नाव विचारून उत्तर मिळत नाही. इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता आणि साल कोणतं, हे तिन्ही सांगितलं तरच काही बोलता येतं. एकाच शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन सिल्व्हराडोंपैकी एकीचं इंजिन रीकॉलमध्ये (दोष काढायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत) असतं, दुसरीचं नसतं. टंड्राचं जे नाव झालं ते २०२१ पर्यंतच्या व्ही-८ (आठ सिलिंडरी) इंजिनामुळे. २०२२ ची टंड्रा त्याच नावाचा, पण वेगळाच ट्रक आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मात्र एकच: इंधन वाचवण्याचे नियम. ते पाळायला कुणी चालत्या इंजिनातले काही सिलिंडर बंद करायला लागलं (जीएम म्हणजे शेव्ही-जीएमसीची मालक कंपनी, आणि रॅम), कुणी लहान इंजिनाला दोन टर्बो जोडले (फोर्ड, मागून टोयोटा), सगळ्यांनी ऑइल पातळ केलं आणि गिअर आठ-दहावर नेले. कंपनीने कोणती वाट धरली त्यावरून तिचा ट्रक कुठे दुखणार ते ठरतं.

३. एफ-१५० चं ३.५ इकोबूस्ट सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खडखडतं. चालवत राहू का?

३.५ इकोबूस्ट म्हणजे फोर्डचं ३.५ लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन. हा कॅम फेझरचा आवाज. कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला हा भाग ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करतो. इंजिन बंद असताना आतली एक पिन त्याला जागेवर अडकवून ठेवते. ती पिन झिजली की रात्रभर ऑइल खाली उतरल्यावर फेझर मोकळा होतो आणि दाब येईपर्यंत आपटत राहतो. २०१७ ते २०२० च्या ३.५ मध्ये ही तक्रार इतकी आली की फोर्डला आधी सॉफ्टवेअर बदलावं लागलं, मग फेझर बदलून देण्याचा कार्यक्रम काढावा लागला. त्या कार्यक्रमाला मुदत होती, म्हणून त्या सालचा ट्रक घेताना हे काम झाल्याची पावती मागा.

२०११ ते २०१६ च्या पहिल्या पिढीत असाच आवाज टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) ताणल्यामुळे येतो. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्यांच्या ट्रकमध्ये तो लवकर येतो, कारण टर्बो ऑइल तापवतो आणि पातळ पडलेलं ऑइल चेनला खातं. डॅशबोर्डवरचा ऑइल-लाइफचा आकडा शून्यावर येईपर्यंत थांबू नका, ५,००० मैलांना बदला.

काही दिवस चालवलं तर लगेच बंद पडणार नाही. पण फेझर आपटत राहिला की चेन आणि तिचे मार्गदर्शक पट्टे झिजतात, आणि या दुरुस्तीला इंजिनाचं पुढचं कव्हर उतरवावं लागतं. सुट्या भागांपेक्षा मजुरी भारी. एकदा कव्हर उघडलं की चारही फेझर, चेन आणि टेन्शनर एकाच वेळी बदलून घ्यावेत. एकच फेझर बदलणारं गॅरेज तुमचे पैसे वाचवत नाही.

४. टर्बो नको म्हणून ५.० व्ही-८ घेतोय. ते तेल पितं असं ऐकलं, खरं का?

२०१८ ते २०२० च्या ५.० बाबतीत खरं. ॲक्सिलरेटर सोडून गाडी घरंगळत असताना इंजिनात निर्वात वाढतो आणि ऑइल ओढलं जाऊन जळतं. फोर्डने यावर इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं आणि सोबत नवी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दिली. नव्या डिपस्टिकवर योग्य पातळीचा पट्टा जास्त लांब आहे. थर्मामीटर बदलून ताप उतरवल्यासारखं हे वाटतं आणि लोक त्यावर चिडतात तेही रास्तच, पण सॉफ्टवेअरमुळे अनेकांचा खप खरोखर कमी झाला.

वापरलेला ट्रक घेतलात तर स्वतः मोजा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी बघा, फोटो काढा. मग दर १,००० मैलांना तेच करा. एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत एक क्वार्टच्या (साधारण एक लिटर) वर घालावं लागत असेल तर वॉरंटीत असताना डीलरकडे लेखी नोंद करून घ्या. तोंडी तक्रारीला पुढे कुणी विचारत नाही.

फोर्डचं २.७ इकोबूस्ट तसं या दोन्हींपेक्षा शांत. पण २०२१-२२ च्या काही इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हचा धातू ठिसूळ निघाला आणि २०२४ मध्ये फोर्डच्या वेगवेगळ्या मॉडेलच्या मिळून सुमारे ९० हजार गाड्यांचा रीकॉल झाला. व्हॉल्व्ह तुटला की इंजिन चालत्या रस्त्यावर बंद पडतं. याशिवाय त्याचा ऑइल पॅन प्लास्टिकचा आहे आणि तो कडेने पाझरतो.

५. गिअर बदलताना झटका बसतो आणि सरळ रस्त्यावर थरथर जाणवते. दोन्ही एकच दुखणं का?

नाही, आणि यांची गल्लत केली की पैसे वाया जातात.

थरथर हे जीएमच्या ८-स्पीडचं लक्षण, साधारण २०१५ ते २०१९. मध्यम वेगाला, पाय हलकाच टेकलेला असताना, रस्त्याच्या कडेच्या रम्बल पट्टीवरून गेल्यासारखं वाटतं. मूळ कारखान्यातलं ट्रान्समिशन ऑइल ओलावा धरतं आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) क्लच नीट पकडत नाही. उपाय म्हणजे पूर्ण फ्लश करून सुधारित ऑइल, मोबिल १ चं सिंथेटिक एलव्ही एटीएफ एचपी. नुसतं पॅनमधलं ऑइल काढून नवं घातलं तर निम्म्याहून जास्त जुनं आतच राहतं. फ्लशनंतरही थरथर राहिली तर कन्व्हर्टर गेला.

झटका ही फोर्डच्या १०-स्पीडची ओळख. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरच्या आसपास ढकलल्यासारखं होतं, कधी उतारावर थांबताना मागून कुणी धक्का दिल्यासारखं. आत क्लचच्या एका ड्रमचं बुशिंग जागेवरून सरकतं, ऑइलचा दाब गळतो आणि गिअर उशिरा धरला जातो. डीलर आधी गिअरबॉक्सची शिकलेली माहिती पुसून देतो. त्याने दोन-तीनशे मैल बरं वाटतं. तेवढ्यात परत झटके आले तर ड्रम बघायला सांगा.

जीएमचा १०-स्पीड फोर्डसोबत मिळून विकसित केलेला, पण त्याचा स्वभाव पुष्कळ सौम्य. अपवाद डिझेलचा: २०२० ते २०२२ च्या डिझेल ट्रकांत व्हॉल्व्ह झिजून मागची चाकं अचानक अडकू शकतात, म्हणून २०२४ मध्ये रीकॉल आला. आणि २०१४ ची जुनी एफ-१५० बघत असाल तर तिचा ६-स्पीड महामार्गावर एकदम पहिल्या गिअरमध्ये उतरू शकतो. त्याचाही २०२४ मध्ये सुमारे साडेपाच लाख ट्रकांचा रीकॉल आहे.

६. सिल्व्हराडोच्या ५.३ चे लिफ्टर जातात म्हणतात. लिफ्टर म्हणजे काय आणि ते का जातात?

कॅमशाफ्ट फिरतो आणि लिफ्टर त्याच्यावर चढ-उतार करून व्हॉल्व्ह उघडतो. व्ही-८ मध्ये असे १६. इंधन वाचवायला काही लिफ्टरांच्या आत एक खटका बसवलेला असतो. ऑइलचा दाब दिला की खटका सुटतो, लिफ्टर दुर्बिणीसारखा आतल्या आत दबतो आणि त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. २००७ पासूनच्या जुन्या पद्धतीत १, ४, ६ आणि ७ हे चारच सिलिंडर बंद व्हायचे. २०१९ पासूनच्या नव्या पद्धतीत आठही सिलिंडर खेळात आहेत आणि चालू-बंदच्या १७ जोड्या आहेत.

बिघाड त्या खटक्यातच होतो. खटका परत अडकला नाही की लिफ्टर दबलेलाच राहतो, आणि आधी टिकटिक, मग चेक इंजिनचा दिवा आणि मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा) कोड. तसंच चालवलं तर पुशरॉड वाकतो, लिफ्टरचा रोलर कॅमशाफ्टचा उंचवटा खातो आणि धातूचा भुगा ऑइलमध्ये फिरतो. लिफ्टर या इंजिनात हेडच्या (सिलिंडरांवरचं झाकण) खाली असल्याने दोन्ही हेड उतरवल्याशिवाय ते निघत नाहीत. म्हणून टिकटिक ऐकू आली त्या दिवशी गॅरेजला गेलेल्याचं बिल आणि महिनाभर थांबलेल्याचं बिल यांत मोठी तफावत असते. हेड उघडलेच तर सोळाही लिफ्टर बदला आणि कॅमशाफ्ट नीट तपासून घ्या. दोन खराब लिफ्टर बदलून चौदा जुने परत बसवणं म्हणजे पुन्हा त्याच टेबलावर येण्याची तयारी.

ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालचं तपासणीचं सॉकेट) लावायचं उपकरण सिलिंडर बंद होऊ देत नाही. ते नव्या, निरोगी इंजिनाला उपयोगी पडतं, लागलेलं दुखणं बरं करत नाही. २०२१ मध्ये चिप्सच्या तुटवड्यात जीएमने काही ५.३ ट्रक हे तंत्र न वापरताच विकले. मायलेज जरा कमी म्हणून तेव्हा कुरकुर झाली, आज काही लोक नेमके तेच ट्रक शोधतात.

जुन्या पद्धतीच्या २००७ ते २०१४ च्या इंजिनांत लिफ्टरसोबत ऑइल जळण्याचीही तक्रार आहे. मोजायची रीत प्रश्न ४ मधली.

७. मग ६.२ घेऊ का? जास्त ताकद, महाग म्हणजे चांगलंच असेल ना?

२०२१ ते २०२४ च्या ६.२ (एल८७) चा एप्रिल २०२५ मध्ये रीकॉल झाला, जगभरात ७ लाखांहून जास्त गाड्या. क्रँकशाफ्ट किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये उत्पादनातला दोष, आणि इंजिन पूर्ण मोडण्याची शक्यता. डीलर तपासणी करतो. नापास झालं तर इंजिन बदलून मिळतं. पास झालं तर ०डब्ल्यू-२० च्या जागी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर आणि ऑइलचं नवं झाकण मिळतं.

तपासणीत पास झालेल्यांचा राग समजण्यासारखा आहे: बेअरिंग तेच, फक्त ऑइल जाड. वापरलेल्या ६.२ चं बॉनेट उघडून झाकणावर काय छापलंय ते बघा. ०डब्ल्यू-२० असेल तर रीकॉलचं काम झालेलं नाही. शिवाय हे इंजिन प्रीमियम पेट्रोलवर चालवावं अशी कंपनीचीच शिफारस आहे, तो खर्च दर आठवड्याला भरायचा. लिफ्टरचा प्रश्न (६) इथेही सुटलेला नाही.

८. जीएमच्या ३.० डिझेलचा बेल्ट काय भानगड आहे?

ऑइल पंप फिरवणारा बेल्ट इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. पहिल्या पिढीत तो १,५०,००० मैलांना बदलायचा, २०२३ पासूनच्या पिढीत २,००,००० मैलांना. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बेल्ट तुटला तर ऑइलचा दाब शून्य आणि इंजिन गेलं. बाकी हे इंजिन महामार्गावर पेट्रोल व्ही-८ ला मायलेजमध्ये सहज मागे टाकतं. १,३०,००० मैल झालेला स्वस्त डिझेल ट्रक दिसला की किमतीत या कामाचे पैसे आधीच वजा करा.

९. रॅमच्या हेमीची टिकटिक. कुणी म्हणतं किरकोळ, कुणी म्हणतं इंजिन गेलं. नक्की काय?

हेमी म्हणजे रॅमचं व्ही-८ इंजिन. दोघंही बरोबर असू शकतात, कारण टिकटिक दोन प्रकारची असते.

थंड इंजिनावर जोरात, गरम झाल्यावर पाच-दहा मिनिटांत गायब, आणि आवाज इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यातून: हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणारी पहिली नळी) तुटलेला बोल्ट. मॅनिफोल्ड तापून वाकतं आणि टोकाचे बोल्ट आधी तुटतात. थंड असताना फटीतून वायू सुटतो, लोखंड तापून फुगलं की फट मिटते. जिवाला धोका नाही. तुटलेला तुकडा हेडमधून काढणं हेच खरं किचकट काम.

गरम झाल्यावरही तशीच राहणारी किंवा वाढणारी टिकटिक, सोबत मिसफायर: हा लिफ्टर. त्याचा रोलर अडकतो आणि कॅमशाफ्टवर घासत जातो. तासन्‌तास नुसतं उभं राहून चालू ठेवलेल्या ट्रकांत हा प्रकार जास्त दिसतो, म्हणून डॅशबोर्डच्या मेनूमधून इंजिनचे एकूण तास आणि त्यातले उभ्याने चाललेले तास बघा. ७०,००० मैल पण ४,००० तास असा ट्रक दिसला तर तो मैलांच्या मानाने म्हातारा आहे.

हेमीला प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण १६ स्पार्क प्लग लागतात, आणि ८९ ऑक्टेनच्या (मधल्या दर्जाच्या) पेट्रोलची शिफारस आहे. २०२५ मध्ये रॅम १५०० मधून हेमी काढून ३.० लिटरचं दोन टर्बोंचं सहा सिलिंडरी हरिकेन आणलं. गिऱ्हाईक रुसलं, आणि २०२६ च्या मॉडेलला हेमी परत आलं.

१०. रॅमचं एअर सस्पेन्शन थंडीत एका बाजूला बसतं. बिघडलंय का?

रात्रभर उभा ठेवल्यावर एकच कोपरा खाली आला तर त्या कोपऱ्याची हवेची पिशवी किंवा तिचा जोड गळतोय. साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे येतात. चारही कोपरे सावकाश बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉक किंवा टाकी बघायची. ही यंत्रणा बंद प्रकारची असून कारखान्यात तिच्यात नायट्रोजन भरतात. गळती झाली की कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो, तिच्यातली वाफ मिनेसोटा-मिशिगनच्या थंडीत गोठते आणि ट्रक वर उठतच नाही. म्हणून नुसती पिशवी बदलून भागत नाही, यंत्रणा कोरडी करून पुन्हा नायट्रोजन भरावा लागतो. टायर बदलण्याआधी मेनूमधून जॅक मोड लावा, नाहीतर जॅकवर असताना ट्रक स्वतःला सपाट करायला बघतो.

सात-आठ वर्षांपेक्षा जुना ट्रक घेत असाल तर साध्या कॉइल स्प्रिंगचाच घ्या.

११. टोयोटा म्हणजे डोळे झाकून घ्यावी ना? आणि उत्पादन बंद झालेली टायटन स्वस्तात मिळतेय, तिचं काय?

टंड्रासाठी डोळे उघडे ठेवा. २०२२ पासून व्ही-८ जाऊन दोन टर्बोंचं व्ही-६ आलं. कारखान्यात धातू कापताना राहिलेला भुगा काही इंजिनांतून नीट साफ झाला नाही, तो मेन बेअरिंगमध्ये गेला आणि इंजिनं बसली. मे २०२४ मध्ये २०२२-२३ च्या टंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्यांचा रीकॉल झाला. हायब्रिड टंड्रामध्ये इंजिन तेच, पण ती या रीकॉलमध्ये नव्हती. कारण असं दिलं गेलं की इंजिन बंद पडलं तरी विजेच्या मोटरवर ती थोडी सरकते, म्हणून अपघाताचा धोका कमी. हायब्रिड घेणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

२००७ ते २०२१ च्या ५.७ व्ही-८ ची मुख्य उणीव म्हणजे तहान: ४x४ ला शहरात गॅलनला १३ मैल, महामार्गावर १७. त्याखेरीज एअर इंजेक्शन पंप जातो (कोड पी२४४० किंवा पी२४४२, आणि ट्रक अर्ध्या ताकदीवर) आणि कॅम टॉवरच्या सांध्यातून ऑइल पाझरतं. नुसता ओलावा असेल तर पुसा आणि विसरा. ऑइल एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल तर दुरुस्ती, आणि ती मजुरीने महाग. त्याही आधीच्या टंड्राची गोष्ट प्रश्न १३ मध्ये.

टायटन २०२४ च्या मॉडेलनंतर बंद झाली. २०१५ पर्यंतच्या पहिल्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतं आणि मागचा डिफरन्शियल कमकुवत आहे, सील गळून ऑइल संपलं की तो ओरडत जातो. नंतरची ५.६ व्ही-८ ची टायटन यांत्रिक बाजूने बरी, आणि तिला नवी असताना ५ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी होती. तोटा विकताना. दहा वर्षं चालवणार असाल तर घ्या.

१२. माझा ट्रक ९,००० पाउंड ओढतो असं ब्रोशरमध्ये आहे. ६,००० पाउंडांचा कॅम्पर (मागे ओढायचं फिरतं घर) आरामात जाईल ना?

बहुधा नाही, आणि हे नवशिक्यांना सगळ्यात उशिरा कळतं. ओढण्याच्या आधी पेलण्याची मर्यादा संपते.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. तो आकडा फक्त तुमच्या ट्रकचा. समजा तो १,४८० आहे. नवरा-बायको ३२०, दोन मुलं १६०, भारतातून आलेले आजोबा १५०, म्हणजे ६३०. हौद्यावरचं झाकण, हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) आणि कूलर १५०, झाले ७८०. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर उभा पडतो. १२ टक्के धरला तर ७२०. बेरीज १,५००. सामान भरण्याआधीच २० पाउंड जास्त, आणि ओढण्याची क्षमता ३,००० पाउंड शिल्लक.

स्टिकरवरचा आकडा महागड्या मॉडेलमध्ये कमी होतो, कारण काचेचं छत, गरम सीट आणि मोठी चाकं त्याच आकड्यातून वजा होतात. रॅम इथे विशेष मागे: मागे कॉइल स्प्रिंग असल्याने बसायला सगळ्यात मऊ, पण भरल्यावर शेपूट खाली. महागड्या क्रू कॅबचा (चार दारांच्या ट्रकचा) आकडा बाराशेच्या आसपासही सापडतो. २०२२ पासून टंड्राही कॉइलवर गेली. सिल्व्हराडो आणि एफ-१५० अजून पाट्यांच्या स्प्रिंगवर, रिकाम्या असताना उडतात, भरल्यावर शांत होतात. गणपतीच्या मिरवणुकीला मंडळाचे ढोल नेण्यापुरता ट्रक वापरणार असाल तर हा सगळा प्रश्न सोडून द्या, ढोलाला जागा लागते, वजन नाही.

१३. मिशिगन किंवा न्यू जर्सीत गंज कोणत्या ट्रकला लवकर धरतो?

२०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिला तांबडा गंज चढत नाही. पण ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू किंवा पट्टी लागली की तिथे रंगाखाली पांढरी पूड धरून फोड येतात. अपघातानंतर पोचा काढायला वेगळी हत्यारं आणि वेगळी जागा लागते, ती प्रत्येक बॉडीशॉपकडे नसते. आणि चासी मात्र लोखंडाचीच आहे, हे विकणारा सांगत नाही.

जीएम चासीला मेणाचा थर देते. तो चार-पाच हिवाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि रस्त्यावरचं मीठ थेट लोखंडाला लागतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी खालून लॅनोलिन किंवा ऑइलचा फवारा मारून घेणं हा उपाय. रबरासारखा काळा थर मात्र मारू नका, त्याच्या मागे पाणी साठून गंज आतल्या आत वाढतो.

टोयोटाचा इतिहास इथे सगळ्यात वाईट. २०००-०३ च्या टंड्राच्या चासी गंजल्या म्हणून २००९ मध्ये रीकॉल झाला, आणि २००७-०८ ची टंड्रा २०१६ च्या समझोत्यात होती, जो ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा होता. जुनी टंड्रा घेताना स्टेपनीच्या वरचा आडवा बीम आणि मागच्या स्प्रिंगचे हँगर छोट्या हातोडीने ठोकून बघा. टणत्कार आला तर ठीक, धप्प आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर परत फिरा.

१४. फोर्डचं ४x४ मी लावलेलं नसताना पुढून करकर आवाज येतो. बेअरिंग गेलं का?

बेअरिंग बदलण्याआधी दोन-तीन फुटांची रबरी नळी तपासा. फोर्डच्या पुढच्या चाकांचे हब उलट्या रीतीने चालतात: स्प्रिंग त्यांना जोडते आणि इंजिनचा निर्वात त्यांना सोडवून धरतो. म्हणजे निर्वात कमी पडला की हब अर्धवट जुळतात आणि दाते दातांवर घासतात. चढावर पाय दाबल्यावर आवाज येत असेल तर खूण पक्की, कारण तेव्हाच इंजिनचा निर्वात पडतो.

बॉनेटखालचा एकेरी व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड आधी बदला, दोन्ही स्वस्त आहेत. हातपंपाने प्रत्येक हबला निर्वात देऊन तो मिनिटभर टिकतो का बघा. नळीत पाणी निघालं तर हबचा पडदा फाटलाय. तात्पुरता उपाय म्हणजे ४x४ लावूनच कोरड्या रस्त्यावर चालवणं असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस ताण खाते.

१५. घराच्या गॅरेजमध्ये मावेल का?

टेप घेऊन मोजा. २० फुटी गॅरेज म्हणजे २४० इंच. साडेपाच फुटी हौद्याची क्रू कॅब एफ-१५० सुमारे २३२ इंच, रॅम २३३, टंड्रा २३४. पुढे-मागे मिळून आठ इंचही धड उरत नाहीत, आणि हिचचा गोळा वेगळा. साडेसहा फुटी हौद्याची क्रू कॅब एफ-१५० २४३ इंचांच्या पुढे जाते, तिला दार बंद होणार नाही.

१६. रीकॉल, बुलेटिन आणि वाढीव वॉरंटी: फुकट काय आणि कशाचे पैसे?

रीकॉल फुकट, तुम्ही कितवे मालक हे न बघता, पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर १७ अंकी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला की बाकी राहिलेले रीकॉल दिसतात. बुलेटिन म्हणजे कंपनीने मेकॅनिकला लिहिलेली चिठ्ठी, त्यातली दुरुस्ती वॉरंटी संपली की तुमच्या खिशातून. कंपनीने स्वतःहून वाढवलेली वॉरंटी (प्रश्न ३ मधल्या फेझरसारखी) मुदतीपुरती फुकट. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी बहुतेकांची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. २०२६ च्या मॉडेलपासून रॅमने ती १० वर्षं किंवा १ लाख मैल केली आहे, पण त्यातल्या अटी वाचा.

डीलर विकत असलेला बाहेरच्या कंपनीचा सेवा-करार ही आणखी वेगळी वस्तू. त्यात 'झीज' हा शब्द कुठे येतो ते आधी शोधा. लिफ्टरचा दावा बहुतेकदा तिथेच अडकतो.

१७. इंजिन थंड असताना बघायला या असं सांगूनही विकणाऱ्याने ट्रक आधीच गरम करून ठेवला होता. घ्यावा का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो म्हणा. या पानावरची निम्मी दुखणी (३, ६, ९) थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटातच ऐकू येतात. बॉनेटवर हात ठेवून मगच किल्ली मागा. दुसऱ्यांदाही गरमच मिळाला तर तो ट्रक सोडा.

१८. रीकॉलमध्ये इंजिन बदललेला ट्रक स्वस्तात मिळतोय. नवं इंजिन म्हणजे फायदाच ना?

फायदा होऊ शकतो, जर काम नीट झालं असेल. टंड्राच्या बाबतीत इंजिन बदलताना कॅब उचलून बाजूला करण्याची पद्धत आहे, म्हणजे शेकडो जोड सुटून परत जोडले गेलेत. पावतीत पूर्ण इंजिन बदललं की फक्त खालचा ब्लॉक, ते बघा. ब्लॉकच बदलला असेल तर जुने टर्बो परत बसलेत का ते विचारा, कारण धातूचा भुगा ऑइलसोबत त्यांच्यातूनही फिरलेला असतो. मग ट्रक लिफ्टवर घ्या आणि कूलंटच्या जोडांवर गुलाबी सुकलेले डाग, कॅबच्या बोल्टांवर नवीन ओरखडे आणि वायरिंगच्या तुटलेल्या क्लिपा शोधा. दारं बंद करताना दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का बघा. शेवटी अर्धा तास महामार्गावर चालवून आणा आणि थांबल्यावर लगेच खाली वाकून गळती बघा. थंड असताना जो जोड धरून ठेवतो तोच तापल्यावर सोडतो.